मागून म्हणणारा

१

गांधीबागेत ईश्वरदास शेठचं ठोक कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या माथ्यावर, पत्र्याखाली, माल ठेवायची एक खोली होती. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. दुपारी जेवण झालं की शेठ घरी झोपायला जायचा, मुनीम खाली वाळ्याच्या ताटीजवळ आडवा व्हायचा आणि शालिकराम रामटेके वर चढायचा. संध्याकाळच्या आत काटोल-उमरेडकडच्या व्यापाऱ्यांचे गठ्ठे टेम्पोत चढायला तयार लागत. मोठ्या गाठी सोडायच्या, तागे मोजून वेगळे करायचे, बारदानात गुंडाळायचे आणि दाभणानं सुतळी ओढत तोंडं शिवायची, हे त्याचं काम. पूर्वी जोडीला धोंडबा असे. डोळे अधू झाल्यामुळे होळीनंतर तो गावी गेला आणि शेठनं त्याच्या जागी माणूस घेतला नाही. "एक आदमी का तो काम है," असं शेठ म्हणाला, तेही घरी झोपायला जाता जाता.

कामाचं शालिकरामला काही वाटत नव्हतं. चाळिशीकडे झुकला तरी हात वळणारे होते. त्याला नकोशी होती ती एकटी खोली. रिकाम्या खोलीची त्याला लहानपणापासून भीती वाटायची, आणि ही गोष्ट आता सांगणार कुणाला? छप्पन साली, ऐन पंचविशीत, तो लाखो लोकांबरोबर दीक्षा घेऊन आला, आणि घरातले देव आणि डोक्यातली भुतं त्यानं एकाच दिवशी बाहेर काढली. लकडगंजच्या लाकडं कापणाऱ्या आरामशिनींमागच्या त्याच्या वस्तीत कुणी लिंबू उतरवलं की तावातावानं भांडायला जाणारा पहिला माणूस हाच. भुतं गेली ती खरीच गेली. भीती मात्र घर सोडायला तयार नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. शालिकरामची पंचाईत अशी की त्याला ब्रह्मराक्षस मान्य नव्हता आणि भीती तर रोज वाटत होती.

त्यावर एकच उपाय त्याला सापडला होता. रानात एकट्या राहणाऱ्या भिक्खूंना भय वाटलं, अंगावर काटा आला, तर त्यांनी बुद्धाचे गुण आठवावेत, धम्म आठवावा, संघ आठवावा, असं वस्तीत अधूनमधून येणाऱ्या भन्तेजींनी एका प्रवचनात सांगितलं होतं. शालिकरामनं ते गाठीशी बांधलं. वर खोलीत पाय ठेवला की तो वंदना सुरू करायचा. छाती हलकी व्हायची, हात चालू लागायचे. नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती. पण हे गेलं असतं तर रिकाम्या खोलीत उभं राहायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

फक्त एक सवय त्यात शिरली होती. वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदना सांगायचं काम त्याचंच. सांगणारा एक ओळ म्हणतो आणि थांबतो, मग सगळे ती ओळ मागून म्हणतात. दहा-बारा वर्षं तो असंच सांगत आला होता. त्यामुळे एकटा असतानाही ओळ संपली की तो थांबायचा, मागून म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि मगच पुढची ओळ घ्यायचा.

त्या दुपारी 'धम्मं सरणं गच्छामि' म्हणून तो थांबला, दाभण वर उचललं, आणि भिंतीकडच्या गाठींमागून कुणीतरी श्वास घेतला. ओळ म्हणण्याआधी घेतात तसा.

२

घूस असेल. तापलेला पत्रा कडकडला असेल. गाठी सैल होऊन बसल्या असतील. शालिकरामनं स्वतःला कारणं दिली आणि ती पटवूनही घेतली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थांबला, तेव्हा घशातला एक हुंकार आला, लांबी बरोबर ओळीएवढी. त्यानंतर शब्द आले. तोंडात सुपारी धरून बोलावं तसे बोबडे, पण शब्द. 'सरणं' तर साफ कळत होतं.

दुसरा कुणी असता तर खाली पळाला असता. शालिकरामला आधी राग आला. भर दुपार, खाली मुनीम घोरतोय, गल्लीत हातगाडीवाला कुणाच्या तरी आईचा उद्धार करतोय, आणि वर हे काय चाललंय? त्यानं दाभण ठेवलं आणि घामानं निथळत एक एक गाठ ओढून काढली. गाठी आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट होती आणि तिच्यात कोळिष्टकं. भिंतीपलीकडे कुणाचं बिऱ्हाड असेल म्हणून तो गल्लीतून जाऊन बघून आला. पलीकडे काहीच नव्हतं. सरळ खाली उतरणारी भिंत, विजेच्या तारा आणि तारेत अडकलेला संक्रांतीचा पतंग.

मग त्यानं प्रतिध्वनी तपासला. टाळी वाजवून थांबला. काही नाही. "ए!" म्हणून ओरडून थांबला. काही नाही. लठ्ठा कापडाचा भाव म्हणून पाहिला, शेठच्या नावानं एक सणसणीत शिवी हासडून पाहिली. खोली गप्प.

'बुद्धं सरणं गच्छामि,' तो हळूच म्हणाला.

'गच्छामि,' गाठींमागून आलं.

जिन्यावर पावलं वाजली तसा तो दचकला. चंपतराव पाण्याचा लोटा घेऊन वर आला होता. हा कोष्ट्याघरचा, घरातला माग बंद पडल्यावर दुकानात लागलेला, मनानं चांगला आणि जिभेनं लांब.

"काहून गा शालिक, धोंडबा आला का वापस?"

"नाही. काहून?"

"दोघं जणं म्हणून राहिले होते न. मी म्हटलं, धोंडबा असन." त्यानं खोलीभर नजर फिरवली. "मंग कोण होतं?"

"मीच होतो."

"दोन आवाजात?"

"हो, दोन आवाजात! तुले खाली काही काम नाही का?"

चंपतरावनं लोटा टेकवला आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा तोंड वर काढलं. "उमरेडले एक जाणता हाये, माह्या मावसभावाच्या ओळखीचा. एक नारळ नेला का..."

"चंपत, खाली जा!"

चंपतराव खाली गेला. शालिकराम लोटाभर पाणी एका दमात प्यायला आणि मग बराच वेळ त्याला स्वतःचाच संताप येत राहिला. आपण खोटं बोललो, तेही अशा गोष्टीसाठी जिच्यावर आपला विश्वासच नाही.

३

घरी सांगावं की नको यात पुढचे काही दिवस गेले. घरात माणसं दोनच. मुलगी लग्न होऊन कामठीला गेलेली. उरला तो आणि प्रेमिला, त्याची बायको. ती दिवसभर बिड्या वळायची आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर तिच्याजवळ एका वाक्याचं उत्तर असायचं. भाकरी थापता थापता तिनं सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, घाबरलीही नाही.

"मले सांगा, तिथी तुम्ही एकटे असता न?"

"हो."

"मंग थांबता काहून? थांबूच नका. सरपट म्हणा."

इतकं सोपं होतं ते. शालिकराम दुसऱ्या दिवशी मोठ्या उमेदीनं वर चढला आणि सरपट म्हणायला लागला. चार ओळी गेल्या, पाचवीला दम संपला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडलं. दम पुरला तर जीभ आपोआप थांबायची. इतक्या वर्षांचं वळण होतं तिला, बैल खुणेच्या झाडाशी थांबतो तसं. आणि थांबली रे थांबली की गाठींमागचा तयार. दिवसागणिक त्याचे उच्चार सुधारत होते.

पुढं रविवारी विहारात वेगळीच तऱ्हा. न थांबण्याचा आठवडाभर सराव केलेला, तो तिथं उफाळून आला. शालिकरामनं ओळीला ओळ जोडत अशी धाव घेतली की लोकांना मागून म्हणायला सवडच मिळेना. कुणी पहिल्या ओळीत, कुणी तिसऱ्या, सगळा गोंधळ. महिला मंडळाच्या कुसुमताईंनी शेवटी हात वर केला.

"शालिकभाऊ, गाडी सुटून राहिली का तुमची? आम्हाले म्हणू तर द्या!"

सगळी माणसं हसली. शालिकराम कानापर्यंत लाल झाला. जिथं थांबायचं तिथं थांबत नाही आणि जिथं थांबू नये तिथं थांबतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी येताना रस्ताभर तो प्रेमिलावर करवादत राहिला.

"माह्यावर काहून चिडता? मी काय केलं?"

"त्याच्यावर चिडून पाहिलं. त्याले काही होत नाही."

४

मग त्याला वाटलं, मोठ्यानं म्हणायचंच कशाला? भन्तेजींनी तर नुसतं आठवायला सांगितलं होतं. मनात जे चाललंय ते गाठींमागे कुणाला ऐकू जाणार आहे?

दुसऱ्या दिवशी त्यानं ओठ घट्ट मिटले आणि मनातल्या मनात बुद्धाचे गुण घ्यायला सुरुवात केली. 'इति पि सो भगवा अरहं'. ज्याला कशाची ओढ उरली नाही, असा. एक टाका. ज्यानं सगळं स्वतः जाणलं, असा. आणखी एक टाका. खोली शांत होती. पत्रा तडतडत होता, खाली पाणी मारलेल्या ताटीतून वाळ्याचा वास जिन्यानं वर येत होता. दोन गठ्ठे शिवून झाले. सुटलो, असं शालिकरामला वाटलं. इतकी साधी युक्ती आधी सुचू नये याचाही त्याला थोडा रागच आला.

तिसऱ्या गठ्ठ्याला सुतळी ओवताना तो अडला. जग जाणणारा, 'लोकविदू', इथपर्यंत आला आणि पुढचं चटकन आठवेना. उन्हाच्या काहिलीनं माणूस कधी कधी असा रिता होतो.

'अनुत्तरो पुरिसदम्मसारथी,' गाठींमागून आलं. मोठ्यानं, स्वच्छ, चालीवर.

आणि मग ते थांबलं.

शालिकराम सुतळी हातात धरून बसून राहिला. ही शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती. मागून म्हणायला जेवढा वेळ लागतो बरोबर तेवढी होती ती. आज कुणीतरी त्याच्यासाठी थांबलं होतं. तोंडात जीभ वळवळायला लागली. ओळ कानावर पडली की म्हणायची, हे तिला मालकाला न विचारता माहीत होतं. त्यानं दात आवळले. थोड्या वेळानं तीच ओळ पुन्हा आली, या खेपेला सावकाश, शब्द तोडून. विहारात नवी माणसं अडखळली की शालिकराम स्वतः अशीच ओळ पुन्हा द्यायचा, न रागावता.

त्यानं उरलेला माल खांद्यावर मारून खाली आणला आणि दुकानाच्या ओट्यावर शिवायला बसला. शेठ आला आणि गिऱ्हाइकांदेखत उखडला. "ऊपर का काम ऊपर! नहीं जमता तो बोल दो, आदमी बहुत मिलते हैं." शालिकरामनं मान खाली घातली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असावा. शेठला सांगणार काय? वर खोलीत कुणीतरी मला वंदना शिकवतंय, म्हणून?

रात्री जेवताना प्रेमिलानं विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "माह्याजवळ एक औषध होतं वं. तेबी त्यानं घेतलं."

५

बुद्धपौर्णिमा जवळ आली तसे भन्तेजी वस्तीत येऊन गेले. चीवर घेण्याआधी ते गिरणीत कामाला होते आणि बोलणं अजूनही खात्यातल्या माणसाचंच होतं. विहाराच्या ओसरीवर लोक पांगल्यावर शालिकराम त्यांच्यासमोर बसला.

"भन्तेजी, भीती वाटली तर आठवाचं, असं तुम्ही सांगितलं होतं."

"हो."

"मी आठवतो, तर जवळ कोणी येते. पळत नाही, उलटं येते. मागून म्हणते. आता तर पहिले तेच म्हणते."

भन्तेजी हसतील अशी त्याला धास्ती होती. ते हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मंग येऊ दे न."

"येऊ दे?"

"वंदना म्हणजे का लिंबू-मिरची होय, कोणाले हाकलून द्याले? भीती तुही हाये, ते तुले पाहाची हाये. बाकी ज्याले ऐकाचं असन, तो ऐकन."

"अन् त्यानं शरण मागितलं तर?"

"मागितलं तर देजो."

"कोण होय, काय होय, न पाहता?"

"छप्पन साली तुले कोणी विचारलं होतं का, कोण होय म्हणून?"

शालिकराम वंदन करून उठला. पण घरी येईपर्यंत त्याचं डोकं नुसतं तापत राहिलं. हे म्हणजे उपाय मागायला जावं आणि उपदेश घेऊन यावं! त्याच्या बापाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर गेलं होतं. विहिरीपासून लांब, पंगतीपासून लांब. बाहेर उभं राहणं काय असतं हे शालिकरामला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून तर भन्तेजींचं बोलणं इतकं झोंबलं. आजवर भीती नुसती भीती होती. आता ती हक्क सांगायला लागली होती, आणि तिला नाही म्हणायची त्यालाच लाज वाटणार होती.

६

पौर्णिमेच्या आधीची दुपार. शेठच्या धाकानं तो वर गेला, खिडकी सताड उघडली, जिन्याचं दार उघडं ठेवलं, आणि तोंडातून किंवा मनातून एक अक्षरही न काढता शिवायला बसला. लग्नसराईचा माल, काम डोंगराएवढं. सुतळी बोटांना कापत होती. घाम डोळ्यांत उतरत होता.

गाठींमागून मागणं सुरू झालं.

विहारात पंचशील घेण्याआधी लोक हात जोडून शरण आणि शील मागतात. तीनदा मागायचं. तीनदा मागितलं की देणाऱ्यानं द्यायचं, अशी रीत. भन्ते नसले तर वडीलधाऱ्या उपासकानं. वस्तीत तो उपासक म्हणजे शालिकरामच. गाठींमागचा आवाज ते मागणं अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणत होता. एकदा म्हणून तो थांबला. मग 'दुतियम्पि' म्हणून दुसऱ्यांदा म्हणाला, आणि पुन्हा थांबला. एकदाच उरलं होतं.

इतक्या आठवड्यांचा सगळा वैताग, ऊन, शेठ, चंपतराव, कुसुमताईंचं हसणं, भन्तेजींचा तो प्रश्न, एकदम शालिकरामच्या डोक्यात चढला. दाभण फेकून तो उभा राहिला.

"इथी नाही भेटत!" तो ओरडला. "इथी मी पोटासाठी बसून राहिलो! पाहिजे असन तर उद्या विहारात ये. लकडगंजच्या आरामशिनीमागं. सकाळी ये, चार लोकायत बस, अन् तिथी माग!"

रस्त्यात गाठून धर्माच्या गप्पा मारणाऱ्या टवाळ पोरांना, दारुड्यांना, वंदनेला उशिरा येणाऱ्यांना तो नेहमी हेच ऐकवायचा. शब्द सवयीनं आले.

तिसरं मागणं आलं नाही. खोली गप्प झाली, आणि अशी की आजवर तिथं खरंच कुणीतरी होतं हे त्याला आता कळलं. शालिकराम खाली बसला, दाभण शोधलं, टाका घेतला. मग त्याचा हात थांबला. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. त्यानं पत्ता दिला होता.

७

पौर्णिमेच्या सकाळी विहार खच्चून भरला. भन्तेजी मोठ्या कार्यक्रमाला गेले होते, ते संध्याकाळी येणार. सकाळची वंदना शालिकरामची. मागच्या अंगाला खिरीचं पातेलं रटरटत होतं. पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मांडीला मांडी लावून सतरंज्यांवर बसलेले. शालिकराम मूर्तीच्या उजव्या हाताला, लोकांकडे तोंड करून बसला. रात्रभर त्यानं स्वतःला समजावलं होतं की हे उन्हाचं खूळ आहे आणि पाऊस पडला की जाईल. इतक्या माणसांत, इतक्या उजेडात, त्याला ते खरंही वाटायला लागलं होतं.

मग बायांच्या तिसऱ्या ओळीत त्याला मोकळी जागा दिसली.

एका माणसापुरती होती. एका बाजूला प्रेमिला, दुसऱ्या बाजूला शेजारची अंजनाबाई, आणि मधे उघडी सतरंजी. दारात कडेवर लेकरं घेतलेल्या चार-पाच बाया उन्हात उभ्या होत्या. शालिकरामला चीड आली. ही काय शिस्त?

"मनकर्णाबाई, बाहेर काहून उभ्या? समोर जागा हाये न, बसा."

मनकर्णाबाईनं आत वाकून पाहिलं. तिची नजर प्रेमिलावरून अंजनाबाईवर गेली, मधे कुठं अडली नाही. "हाये कुठी भाऊ?" ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

शालिकरामनं पुन्हा पाहिलं. त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी प्रेमिलानं आणि अंजनाबाईनं आपापला पदर ओढून मांडीखाली दाबून घेतला होता. अंग चोरून बसल्या होत्या दोघी, आणि गप्पा मारत होत्या, आपण काय केलंय याची जाणीवही नसल्यासारख्या. असा पदर ओढून घेतलेला शालिकरामनं लहानपणी पाहिला होता. त्याचा बाप रस्त्यानं जायचा तेव्हा गावातल्या बाया असाच ओढून घ्यायच्या.

लोक वाट पाहत होते. कुसुमताईंनी घसा खाकरला. शालिकरामनं हात जोडले आणि सुरुवात केली. ओळ म्हटली, थांबला. विहारभर आवाज उठला, विरला, आणि तो विरल्यावर तिसऱ्या ओळीतून एक आवाज उरला, किंचित मागे राहिलेला. आता त्यात सुपारी नव्हती.

शरण मागायची वेळ आली. सगळ्यांनी एकदा मागितलं, दोनदा मागितलं, तीनदा मागितलं, आणि तिन्ही वेळा त्या एकट्या आवाजानं मागून मागितलं. मग रीतीप्रमाणे सगळी डोकी जमिनीला टेकली. शालिकरामनंही वाकायचं होतं. तो वाकला नाही, त्यानं पाहिलं.

पांढऱ्या पाठींच्या त्या ओळीत प्रेमिला आणि अंजनाबाईच्या मधे आणखी एक पाठ होती. उघडी, वाळकी, मणके मोजता येतील अशी. बाकी सगळ्यांची डोकी मूर्तीकडे होती. तिचं डोकं शालिकरामकडे होतं.

लोक उठून बसले. जागा मोकळी होती.

आता द्यायचं होतं. न दिलं तर सगळी वस्ती तोंडाकडे बघत राहिली असती, आणि बारा वर्षं भुतांवरून भांडलेला शालिकराम कशाला भ्याला हे त्याला सांगावं लागलं असतं. ते एक झालं. पण खरं सांगायचं तर त्याला त्या दाबून धरलेल्या पदरांनी बांधून टाकलं होतं. नाही म्हणायला तोंड कुठलं आणायचं? त्याच्या बापाला नाही म्हणणाऱ्यांचं? ज्यांनी भीती जायची तेच शब्द त्याला त्या भीतीच्या हातात द्यायचे होते. त्यानं ते दिले. पहिल्यांदा दिले, दुसऱ्यांदा दिले. तिसऱ्यांदा शेवटची ओळ म्हणून तो थांबला.

सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. मागं कुणीच उरलं नाही. तो आवाज आता कुणाच्या तोंडातून येत होता ते ओळखता येत नव्हतं.

८

खीर वाटून झाली, लोक पांगले, घरी यायला उन्हं चढली. प्रेमिला रस्ताभर खुशीत होती. "आज चांगली झाली वंदना," ती म्हणाली. शालिकराम तिच्याकडे बघत चालला होता. तिच्यात काही बदल दिसत नव्हता. पदर खांद्यावर होता, चाल तीच होती. आपल्याला वेड लागलं असेल तर बरं, असंही त्याला एकदा वाटून गेलं.

पौर्णिमेला जेवणाआधी घरातही वंदना म्हणायची असा त्यांचा नेम होता. फळीवर मूर्ती होती, प्रेमिलानं तिच्यापुढं मेणबत्ती लावली, खाली चटई अंथरली आणि बसली. बसल्यावर जरा थांबली, आणि चटईच्या कडेला सरकली.

"काहून सरकली?" शालिकरामनं विचारलं.

"कुठी सरकली? बसा तुम्ही."

तो बसला नाही. दारापाशी उभा होता, तिथंच भिंतीला पाठ लावून उभा राहिला. खोली तीच होती, वीस वर्षांची. मडक्यांची उतरंड, बिडीच्या पानांचं सूप, दोरीवरची धोतरं. प्रेमिलाच्या शेजारी चटई मोकळी होती आणि तिनं त्या बाजूचा पदर ओढून मांडीखाली दाबला होता. शालिकरामच्या अंगावर काटा आला, लहानपणी यायचा तसा, मानेपासून थेट टाचेपर्यंत. भीती वाटली की जे आठवायचं ते त्याला सगळं आठवत होतं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एकही शब्द सुटला नव्हता. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

प्रेमिलानं हात जोडले आणि वाट पाहिली. मग मान वळवून, काहीशा कंटाळ्यानं, ती त्याला म्हणाली,

"म्हणा न. आम्ही म्हणतो मागून."